टोपीची गोष्ट

कुमुदआत्या, तू गेलीस आणि तेराव्याच्या जेवणानंतर लगेच घरात भांडण झालं. दागिन्यांवरून नाही, तुझ्या खोलीवरूनही नाही. तुझी टोपीची गोष्ट आता कोणी सांगायची, यावरून. पुण्याहून आलेला तुझ्या मावसबहिणीचा वसंता म्हणाला, मला शब्द न् शब्द पाठ आहे, मी सांगतो. दादा म्हणाला, गोष्ट कलकत्त्याची आहे, पुणेकरांनी तिला हात लावायचा नाही. मी म्हणाले, तुमच्यापैकी एकालाही ती पूर्ण माहीत नाही, तेव्हा गप्प बसा आणि ऐका. आणि सगळे खरंच गप्प बसले. तुझी भाची शोभते की नाही?

आता महिना होत आला. सुरुवातीला सारखं रडू यायचं. हल्ली ते भलत्याच वेळी येतं, ट्राममध्ये तिकीट काढताना किंवा आमटीला फोडणी देताना. आणि रडता रडता मध्येच तुझ्याशी भांडायची हुक्की येते. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय ना! त्यासाठीच लिहायला बसले आहे. शिवाय थोडं तुझं कौतुकही करायचं आहे. तू असताना त्याची सोय नव्हती, तू लगेच फुगायचीस.

आधी गोष्ट तू सांगायचीस तशी लिहून ठेवते, म्हणजे मागाहून कोणी फिरवाफिरव करायला नको.

तुझा पहिला शब्द नेहमी 'मी' असायचा. "मी तेव्हा वीस वर्षांची, युद्ध सुरू व्हायचं होतं, आणि टायपिंगच्या क्लासात माझ्याइतका हात कोणाचा चालत नव्हता." चौरंगीवर तेव्हा साहेबलोकांची एक टी-रूम होती. आपल्या माणसांना मज्जाव आहे अशी पाटी तिथे नव्हती. पाटीची गरजच नव्हती, दारातला पगडीवाला दरवान पुरेसा होता. क्लासमधल्या डोरीन नावाच्या अँग्लो-इंडियन मुलीने तुझ्याशी पैज लावली. तू गोरीपान, डोळे घारे, नाक सरळ. फ्रॉक घातलास तर दरवानाला कळणारसुद्धा नाही, असं तिचं म्हणणं. तिनेच आपला निळा फ्रॉक दिला आणि वर एक गवती टोपी दिली. तू गेलीस. दरवानाने टाच जुळवून असा काही सलाम ठोकला! इथे तू खुर्चीवरून उठायचीस, खांद्यावरचा पंचा डोक्याला गुंडाळायचीस आणि तो सलाम करून दाखवायचीस. इथल्या मराठी मंडळातल्या बायका हसून हसून डोळे पुसायच्या. मग केक, मग चहा, मग शेजारच्या टेबलावरच्या मडमेने तुला हवापाण्याबद्दल काहीतरी विचारलं आणि तू नुसती मान हलवलीस ते. शेवटी टोपी तिरकी करून बाहेर. "एका मराठी मुलीने साहेबाला त्याच्याच दारात फसवलं," हे तुझं शेवटचं वाक्य.

डोरीन स्वतः त्या दारातून कधी आत गेली नाही. तिचे आजोबा खरेखुरे इंग्रज होते, पण ती सावळी होती. हेही तू सांगायचीस, जाता जाता एखादी गंमत सांगावी तसं, आणि लगेच केकवर यायचीस.

मी या गोष्टीवर वाढले. लहानपणी मला वाटायचं, आपणही एक दिवस टोपी घालून असं कुठेतरी घुसायचं. पण मी आईच्या वळणावर गेलेली, चांगली काळीसावळी. दर रविवारी न्हाण्याआधी तू मला पाटावर बसवून डाळीचं पीठ आणि साय चोळायचीस. "उजळेल हो, उजळेल," असं आईला ऐकवायचीस. आई तिकडे भांड्यांचा आवाज जरा मोठा करायची. तुझा हात मऊ होता आणि ती अर्धी सकाळ तू फक्त माझी असायचीस, म्हणून मला ते आवडायचं. पीठ कशासाठी आहे ते कळलं तेव्हा मी कॉलेजात जायला लागले होते.

आणखी एक गोष्ट उशिरा लक्षात आली. तू 'मी तेव्हा' म्हटलंस की आई उठायची. कधी चहाचं निमित्त, कधी दूध उतू जाईल म्हणून. एकदा मी मागोमाग स्वयंपाकघरात गेले आणि विचारलं, "आई, तू होतीस का ग तिथे?" आई पोळी लाटत होती. "होते की," म्हणाली, आणि पुढची पोळी घेतली. बस, एवढंच.

तो दिवस तुला आठवत असेलच. आमच्या कॉलेजात दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध सभा होती. आम्ही पोरंपोरी घोषणा देत कॉलेज स्ट्रीटपासून चालत निघालो होतो. घसा बसलेला, चप्पल तुटलेली, अशी मी घरी आले तर बाहेरच्या खोलीत पाहुणे आणि तुझा पंचा डोक्याला. सलाम झाला, हशा झाला. मी तशीच दारात उभी राहून फाटक्या आवाजात विचारलं, "आणि आई कुठे होती, आत्या?"

तू पंचा सोडलास. "वहिनी बाहेर थांबली होती."

"का?"

"का म्हणजे? ती साडीत होती. नवीन लग्न झालेलं, कपाळाला हे एवढं कुंकू. साडीतल्या बाईला कोण आत सोडणार?"

"साडीमुळे नाही, रंगामुळे."

"साडीमुळे!"

"मग तिलाही फ्रॉक का नाही घातलास?"

"डोरीनने एकच दिला होता."

"आणि दोन दिले असते तर?"

तू उठलीस आणि उघडी असलेली खिडकी आणखी उघडलीस. पाहुण्यांनी चहाचं कौतुक केलं. ते गेल्यावर तू मला म्हणालीस, "तुम्हा पोरांना फार लांबचं दिसतं. आफ्रिकेतलं दिसतं. आमच्या वेळी इथे रोज काय गिळून जगायला लागायचं, ते कुठे दिसतंय? एक दिवस, अग एकच दिवस मी त्यांच्या नाकावर टिच्चून आत गेले, तर तेही तुम्हाला खुपतं." हे तू रागाने बोलत होतीस आणि डोळ्यांत पाणी होतं. मला तुझी दया आली नाही. वय तसं होतं, आणि मला वाटत होतं की माझंच बरोबर आहे. अजूनही वाटतं.

त्यानंतर रविवारचं पीठ बंद झालं. बोलणंही जवळजवळ बंदच. तू माझ्यासाठी कप ठेवायचीस, मी घ्यायची, आणि मधे आई दोघींचे निरोप पोचवायची. "वन्सं, शैला विचारतेय इस्त्री कुठे आहे." शैला तिथेच समोर उभी! मला एकच हवं होतं. ती गोष्ट तू आईला धरून सांगावीस, आणि आईने एकदा तरी ती बसून ऐकावी. हे घडल्याशिवाय माझं तुझ्याशी पूर्वीसारखं जमणार नव्हतं, हे तुलाही कळलं होतं.

पण राग धरला तरी मी तुला ओळखत होते. चीनशी लढाई झाली त्या वर्षी बेंटिंक स्ट्रीटवरच्या चिनी चपलांच्या दुकानांकडे लोकांनी पाठ फिरवली. त्या माणसांच्या कितीतरी पिढ्या इथेच जन्मल्या, आपल्यापेक्षा त्यांना कलकत्ता जास्त माहीत. तू ऑफिसातून सुटलीस ती तडक तुझ्या नेहमीच्या दुकानात गेलीस आणि गरज नसताना चपला घेऊन आलीस. बाबा म्हणाले, कुमुद, लोक नावं ठेवतील. तू म्हणालीस, "ठेवू देत. माझे पाय त्याला माहीत आहेत." पण तू एवढी तणतणत गेली होतीस की घालून बघायचंच राहिलं. चपला घट्ट निघाल्या. बदलून आणशील तर तू कसली! वर्षभर लंगडलीस. भांडणाच्या काळात मी त्या चपला आठवून स्वतःला बजावायची, की ही बाई तशी नाही. फक्त त्या एका दाराशी तिचं काहीतरी अडकलंय.

मग ती संक्रांत आली. मंडळातल्या बायका आपल्याकडे हळदीकुंकवाला जमल्या होत्या. अर्ध्या बँकेतल्या बदलीवाल्यांच्या, नव्याने आलेल्या, गावाकडची भाजी इथे मिळत नाही म्हणून कष्टी झालेल्या. कोणीतरी म्हणालं, कुमुदताई, ती टोपीची गोष्ट होऊन जाऊ दे, या नव्या मंडळींनी ऐकली नाही. आईच्या हातात गुलाबदाणी होती. ती स्वयंपाकघराकडे वळलीच होती.

"वहिनी, जाऊ नकोस," तू म्हणालीस. आणि मग, "मी आणि वहिनी तेव्हा वीस वर्षांच्या होतो."

माझ्या हातातलं तिळगुळाचं ताट मी खाली ठेवलं.

तू फ्रॉक सांगितलास, टोपी सांगितलीस. वहिनीला बरोबर नेलं ते पैजेला साक्षीदार हवा म्हणून, तिने समोरच्या फुटपाथवर थांबायचं ठरलं होतं. पण तिला ट्रामची आणि गर्दीची भीती वाटली, आणि ती तुझ्या मागोमाग थेट दारापर्यंत आली. दरवानाने हात आडवा घातला. तुला विचारलं, "मेमसाब, ये औरत आपके साथ है?"

"आणि मी म्हणाले," तू सांगितलंस, "'हां, मेरी आया है. बाहर बैठेगी.'"

पंचा तुझ्या खांद्यावरच होता. सलाम झाला नाही. हसायचं की नाही हे बायकांना कळेना. मी आईकडे बघायला धजत नव्हते. इतकी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर आई उन्हात उभी होती, पदराने डोळे पुसत, आपल्या नणंदेची वाट बघत. सभेत घोषणा देताना मला तीच दिसायची.

आईने गुलाबदाणी खाली ठेवली. "उभी कोण राहिलं होतं?" म्हणाली. "आया म्हणालात ना? म्हटलं, आया तर आया. पण पगार न देणाऱ्या मडमेची वाट कोण बघणार? मी सरळ ट्राम पकडली आणि घरी आले."

काय हशा झाला, आत्या! तुझ्या सलामाला कधी झाला नाही असा. साताऱ्याहून येऊन आईला तेव्हा महिनाही झाला नव्हता. हिंदी येत नाही, बंगाली येत नाही, फक्त 'काळीघाट' हा एक शब्द माहीत. तो कंडक्टरला सांगत सांगत ती घरी पोचली होती.

हशा थांबल्यावर राहिलेलं तू सांगितलंस. तू बाहेर आलीस तर वहिनी नाही. टोपी हातात घेऊन तू न्यू मार्केटच्या गल्ल्या शोधल्यास, मैदानाच्या कडेने पळालीस, पोलिसाला विचारलंस. तो तुला मडम समजून अदबीने सॅल्यूट करत होता आणि तू मराठीत रडत होतीस. घरी आलीस तेव्हा वहिनी तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर केली आणि विचारलं, "जेवायला वाढू?" त्यानंतर या विषयावर तुमचं अक्षरानेही बोलणं झालं नव्हतं. एका घरात, एका चुलीपाशी, एवढी वर्षं!

"केकची चव मला आठवत नाही," तू म्हणालीस. "सगळ्यांना सांगत आले, पण खरंच आठवत नाही. वहिनी, हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं."

"सांगितलंत ना आता," आई म्हणाली. तिने ताटातला तिळगूळ घेऊन तुझ्या हातावर ठेवला. सकाळी एकदा दिला होता, पुन्हा दिला. तू वाकून तिला नमस्कार करायला लागलीस तर म्हणाली, "वन्सं, कंबर धरेल, मग मलाच चोळायला लागेल."

तेव्हा तुला म्हणाले नाही ते आता म्हणते. कॉलेज स्ट्रीटवर शंभर जणांच्या मधोमध ओरडायला फारसं काही लागत नाही. स्वतःची आवडती गोष्ट, जिच्यात आपण सगळ्यात सुंदर आणि धीट दिसतो, ती भरल्या घरात आपल्याच हाताने मोडायला जे लागतं ते माझ्याजवळ अजून आहे की नाही, मला माहीत नाही. मला तुझा अभिमान वाटला. त्या रविवारी मी स्वतःहून पाटावर येऊन बसले आणि म्हणाले, नुसतं तेल लाव. तू लावलंस.

तरी साडीचा मुद्दा तू सोडला नाहीसच. शेवटच्या आजारपणात, बोलायची ताकद नव्हती तेव्हाही, मी तोंड पुसत होते तर म्हणालीस, "साडीच होती ग ती." मी म्हणाले, "रंग होता." तू हसलीस. हेच आपलं शेवटचं बोलणं ठरेल असं वाटलं नव्हतं. माहीत असतं तर मी हार मानली असती का? नसती मानली. तुला आवडलं नसतं.

आता झुमाचं सांगते. दादाची मुलगी म्हणजे तुझीच चेली. इथेच कलकत्त्यात, बेहालाला जन्मली, बंगाली शाळेत जाते, मराठी बोलते ते ऐकून वसंताला घाम फुटतो. शाळेत मुली तिला बर्गी, म्हणजे लुटारू मराठे घोडेस्वार, म्हणून चिडवतात ते कळलं तेव्हा तू तिला मुद्दाम बागबाजारला घेऊन गेली होतीस. इथून मराठा खंदक सुरू व्हायचा, आपल्या घोडेस्वारांच्या धास्तीने खणला होता, असं छाती फुगवून सांगितलंस. झुमाने रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाली, "आत्याआजी, तेव्हा इथल्या छोट्या मुलींना खूप भय वाटला असेल ना?" तू घरी येऊन मला म्हणालीस, "तू मला छळलंस, ही तुला छळणार आहे. देव आहे."

तर तेराव्याच्या दिवशी मी गोष्ट सांगितली. 'आत्या आणि आई तेव्हा वीस वर्षांच्या होत्या' अशी सुरुवात केली. सलाम करून दाखवला, तुझाच पंचा घेऊन. आया आली तेव्हा वसंता चपापला, त्याने हे ऐकलंच नव्हतं. पगाराचं वाक्य मी आईसाठी सोडलं आणि तिने ते बरोबर वेळेवर टाकलं. मला वाटलं, झालं. आता ही गोष्ट कुठेही पाठवा, तिच्यात काही राहिलेलं नाही. मी पंच्याची घडी घालायला लागले.

"शैलाआत्या," झुमा म्हणाली, "तो दरवान आपला माणूस होता?"

"हो."

"तो आत बसून चहा पिऊ शकायचा?"

"नाही."

"मग रोज दार उघडतो, पण आत काय असतं त्याला ठाऊकच नाही?" ती आईकडे वळली. "आत्याआजी बाहेर आली तेव्हा तिने त्याला सांगितला का, आत काय काय आहे?"

आईने माझ्याकडे बघितलं. मी हातातल्या पंच्याकडे बघितलं. इतकी वर्षं आपण त्याची पगडी घातली, आत्या, त्याच्या टाचा जुळवल्या, त्याच्यावर पोट धरून हसलो. आईला त्याने साडीमुळे अडवलं की रंगामुळे, यावर तू आणि मी एकमेकींशी बोलणं टाकलं. पण तो हात ज्याचा होता त्याला उन्हातून सावलीत बसायला कोणी सांगत होतं का, हे आपल्या दोघींच्या डोक्यात आलं नाही. तुझ्यासारख्या हुशार बाईच्या आणि माझ्यासारख्या घोषणा देणाऱ्या पोरीच्या!

"नाही ग," आई म्हणाली. "त्याला कोणीच काही सांगितलं नाही."

"एमा!" झुमा म्हणाली, बंगालीतलं 'अगंबाई'. तेवढंच. आणि खाली खेळायला गेली.

मला वाईट वाटलं असं तुला वाटेल. थोडं वाटलं. पण त्याहून जास्त बरं वाटलं, खरं सांगते. तू मला एकदा म्हणाली होतीस की आमच्या माघारी तुम्ही पोरं आमचं काहीच शिल्लक ठेवणार नाही. तसं काही होत नाहीये. गोष्ट आहे, धडधाकट आहे, उलट आणखी माणसं येऊन बसतील एवढी तिच्यात जागा निघतेय.

काल संध्याकाळी दादाकडे गेले होते. दिवे गेले होते, म्हणून मुली जिन्यात बसल्या होत्या. झुमा मधल्या पायरीवर आणि भोवती तिच्या त्याच, बर्गी म्हणणाऱ्या मैत्रिणी. मी वरच्या वळणावर थांबून ऐकलं. "एक छिलो दरोयान," एक होता दरवान, अशी तिने सुरुवात केली. मग तो कुठल्या गावाहून आला, त्याची पगडी रोज कोण बांधून द्यायचं, उभं राहून राहून त्याचे पाय कसे भरून यायचे आणि आतून केकचा वास आला की तो मनातल्या मनात कसा ओळखायचा, आज कुठला केक आहे ते. मुली एकेक पायरी तिच्याजवळ सरकत होत्या.

तू आहेस तिच्यात, आत्या. टोपी घालून, चांगली ऐटीत येतेस. फक्त जरा उशिरा.